गोमाशीचा चावा

पुण्याहून बदली होऊन दारव्ह्यात आलेल्या केतकीची लेक रोहिणी, लाडाची रोही, रोज शेजारच्या उकंडाभाऊंच्या घोडीला गूळ भरवायची. आज घोडी उभीच राहीना. गुरांचे डॉक्टर काय सांगताहेत, ते केतकीनं कुंपणाआडून ऐकलं.

“रक्तात जंतू झाले, भाऊ. गोमाशीनं रोहीचेच आणले असतीन. रोहीले घोडीजवळ फिरकू देऊ नका.”

 पोरीच्या दंडाला सकाळीच गोमाशी चावली होती. तिला कडेवर घेऊन केतकी तशीच फाटकाकडे धावली.

“वैनी, कुठं निघाल्या?”

“रोहीचं रक्त तपासायला!”

 

उकंडाभाऊंनी कपाळाला हात लावला. “पोरीचं नाही वो, वैनी! तुम्ही नीलगाय म्हनता ना, त्याले आम्ही रोही म्हनतो.”