लाल एल

"आणखी जवळ धर," दिग्विजय म्हणाला. भाग्यश्रीने केस वाळवायचा ड्रायर गाडीच्या दाराजवळ नेला. गेल्या रविवारी नवऱ्याने दारावर चिकटवलेली काळी रबरी पट्टी चाकाकडे उतरत गेली होती. ती गरम करून सोडवायची आणि सरळ लावायची, असा आजचा बेत होता.

दिग्विजयला सॉफ्टवेअर कंपनीत बढती मिळाली म्हणून दिवाळीत ही पांढरी मारुती आली. शोरूमच्या माणसाने ती कोथरूडला सोसायटीत आणून लावली, हार घातला, पेढा खाल्ला आणि तो रिक्षाने परत गेला. तेव्हापासून दिग्विजयने खिडक्यांवर पावसाच्या झडपा बसवल्या, चाकांमागे चिखलाचे फ्लॅप बसवले, पुढे लोखंडी गार्ड बसवला. सगळं स्वतः, घरच्या घरी. ऑफिसला मात्र तो कंपनीच्या बसनेच जायचा.

"काय दिग्विजयराव, आज काय?" पहिल्या मजल्यावरचे रावसाहेब दुधाची पिशवी घेऊन थांबले. "पंख कधी बसवताय?"

"पुढच्या रविवारी," दिग्विजय म्हणाला. तो डिकीवरच्या स्पॉयलरबद्दल बोलत होता. रावसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि ते जिना चढून गेले.

पट्ट्या भाग्यश्रीनेच नारायण पेठेतून आणल्या होत्या. दुकानदार शहाबाजभाई तिला म्हणाले होते, "वहिनी, गाडी घेऊन या. बसवून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत." तिने घरी येऊन सांगितलं, तर दिग्विजय म्हणाला, "नको. ते हलकी टेप लावतात, नाहीतर भोकं पाडून ठेवतात." फुकट आहे हो, असं तिने दोनदा सांगितलं. तरी नको. पेठेत जन्मलेला, पेठेतच वाढलेला माणूस फुकटाला नको म्हणतोय, म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला तिथेच कळलं.

तिकडे लोणी काळभोरला तिची आई, यमुनाबाई, डोळ्यात मोतीबिंदू घेऊन बसली होती. ऑपरेशन पुण्यात, पुढच्या महिन्यात. आपण जावयाच्या गाडीतून जाणार, हे तिने अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं. "कवा येतायसा गं?" असं ती फोनवर विचारायची. दिग्विजय आधी म्हणाला, गार्ड बसला की निघू. मग म्हणाला, पट्ट्या बसल्या की निघू. आता स्पॉयलर आला होता. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आईला बसमध्ये चढवायचं कसं, या विचाराने भाग्यश्रीला झोप लागत नव्हती.

तिने ड्रायर बंद केला.

"अहो, तुम्ही गाडी दुकानात का नेत नाही, ते मला कळलंय."

"सांगितलं ना. हलकी टेप."

"दुकानात न्यायची तर चालवावी लागते."

दिग्विजय पट्टीवरचा गोंद नखाने खरवडत राहिला. गोंद केव्हाच निघून गेला होता.

"मागच्या चाकापासून भिंतीपर्यंत कोळी जाळं विणतो," भाग्यश्री म्हणाली. "दर आठवड्याला मी झाडूने काढते. रावसाहेबांना दिसू नये म्हणून."

तो खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर बसला. "एकदा नेली होती गं. तू माहेरी होतीस तेव्हा. कर्वे पुतळ्यापाशी बंद पडली. मागे बस, सगळा चौक हॉर्न वाजवतोय. स्कूटरवरचा एक पोरगा वाकून म्हणाला, 'काका, उतरून ढकला, तेवढं तरी जमेल.' तेव्हापासून क्लचवर पाय ठेवला की तो पोरगाच आठवतो. ऑफिसात अख्खी टीम माझ्या हाताखाली आहे, आणि इथे हे!"

"मग सराव करा."

"कुठे? गचके खात गेटातून निघालो की रावसाहेब गॅलरीतून बघणार. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागेल. लाज वाटते मला."

भाग्यश्रीला चांगलाच राग आला. मग त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला. तिने दुकानाच्या पिशवीत हात घातला.

"हे दोन राहिलेत. एक पुढे लावा, एक मागे."

लाल एल. शिकाऊ माणसाच्या गाडीला लावतात तो. दिग्विजय कानापर्यंत लाल झाला. "मला परवाना मिळून वर्ष होत आलं! माझी शोभा करायचीय का तुला?"

"मुकाट्याने लावा. आणि सरळ लावा."

त्याने लावले. एवढे मात्र पहिल्या फटक्यात सरळ बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिग्विजय स्टिअरिंगवर बसला, तेव्हा रावसाहेब दूध आणायला नेमके खाली उतरले होते. त्यांनी पुढचा एल बघितला, मग वळसा घालून मागचाही बघितला.

"अरे वा. शिकतंय कोण?"

"मी," भाग्यश्री म्हणाली. "परवाच शिकाऊ परवाना काढायला अर्ज दिलाय." आणि डावीकडचं दार उघडून ती नवऱ्याच्या शेजारी बसली.

गाडी हलली. गेटापाशी तिने दोन जबरदस्त गचके खाल्ले आणि ती बंद पडली. दिग्विजयने डोळे मिटून घेतले. रावसाहेब पिशवी सावरत चालत आले. त्यांनी स्टिअरिंगकडे बघितलं, त्यावरच्या दिग्विजयच्या घट्ट मुठींकडे बघितलं. मग गाडीला वळसा घालून ते डावीकडच्या खिडकीशी वाकले.

"सावकाश हं, वहिनी. सुरुवातीला सगळ्यांचीच बंद पडते."