पडद्यामागची प्रार्थना

प्रार्थनाघराच्या शाळेत मागच्या गल्लीतल्या काळ्या लोकांची मुलंही घ्यावीत म्हणून गाण्याच्या बाई साऱ्या विश्वस्तांशी हमरीतुमरीवर आल्या होत्या. त्या मुलांतलीच एक मुलगी आता अशी गायची की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

वार्षिक सोहळ्याच्या सकाळी थोरल्या विश्वस्तांनी बाईंना बाजूला घेतलं. "प्रार्थना तीच म्हणू दे, पण पडद्यामागून. पुढे आपल्यातलं कुणी दिसलेलं बरं. माझी नात उभी राहील, नुसते ओठ हलवेल."

बाई 'नाही' म्हणणार होत्या. पण पुढच्या वर्षी त्या गल्लीतली आणखी मुलं आणायची होती, आत्ताच वाकड्यात कशाला शिरा? त्यांनी मुलीला पडद्यामागे उभं केलं आणि सांगितलं, "इथून आवाज छान घुमतो बरं का."

प्रार्थना संपली तेव्हा पाहुणे डोळे टिपत होते आणि जो तो नातीचे गालगुच्चे घेत होता. बाई लगबगीने पडद्यामागे गेल्या. मुलगी पेटीच्या खोक्यावर पाय हलवत बसली होती.

"जिंकलंस गं पोरी!" त्यांनी तिची पाठ थोपटली.

"बाई, प्रार्थनेला सगळे डोळे मिटून बसतात ना?"

"हो तर. मीच नाही का शिकवलं तुम्हाला?"

"मग मला बघणारं कोण होतं?"

मुलीने पडद्याकडे बोट दाखवलं.

"पडदा देवासाठी होता का?"