लाल आकडा

सात वर्षांची शाल्मली न्हाणीघरातून बाहेर आली आणि तिच्यामागे लघवी तपासणाऱ्या भिंतीवरचा आकडा लाल झाला. लघवीतले, मुतखडे करणारे ऑक्झलेट सलग दुसऱ्या दिवशी वाढले होते. उद्याही वाढले, तर भिंत आपणहून रुग्णालयाला कळवील आणि मूत्रपिंडाच्या नलिका जन्मापासून अधू असलेली ही पोर सहा महिने तिथेच राहील. शाल्मलीच्या आईने, मृदुलाने, तडक माईंना गाठले.

"माई, खरं सांगा, काल हिला अळूवडी दिलीत ना? तिच्यात किती ऑक्झलेट असतं!" तिने नवऱ्याच्या आत्याला विचारले.

"अगं, तीळसुद्धा कुलपात ठेवलेस तू. आता मला तेवढं कोंडायचं राहिलंय."

मृदुला भिंतीकडे वळली. आजवर तिने जाब विचारला होता तो माणसांनाच. "काय चुकतंय?"

"एकवीस दिवस दूध, दही, ताक काहीच नाही," भिंतीतला शांत आवाज म्हणाला. "जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. ते नसलं, की ऑक्झलेट लघवीत उतरतं."

मुतखड्यात कॅल्शियम असते, एवढे वाचून मृदुलानेच ते बंद केले होते, डॉक्टरांनाही न विचारता.

माईंनी स्वतःपुरते विरजलेले दही भातावर घालून तिने वाटी पुढे केली.

"दही माझ्यासाठी विष आहे, तूच म्हणालीस," शाल्मली म्हणाली.

"मी चुकले, बाळा. खा."

शाल्मलीने चमचा हातात धरून माईंकडे पाहिले. माईंनी होकारार्थी मान हलवली, तेव्हा कुठे पहिला घास तिच्या तोंडात गेला.