भुयारातली पहिली पाळी

भुयाराच्या तोंडाशी भावसिंगचे पाय अडखळले. एका हातात कंदील होता, दुसऱ्या हातात तेलाचा डबा. वर जिनातली, म्हणजे कापसाच्या कारखान्यातली, यंत्रं सरकी काढत होती आणि खाली, जमिनीच्या पोटात, त्या सगळ्यांना फिरवणारा लांबलचक दांडा गरगरत होता. त्याला तेल घालायचं, एवढंच काम. पण बारमाही. कापसाचा हंगाम संपला की बाकीचे मजूर घरी बसत, तेलवाला मात्र दांड्याची देखभाल करायला राही.

आधीचा तेलवाला म्हणजे त्याचा थोरला भाऊ हिरासिंग. याच दांड्यात धोतर अडकून तो गेला. नंतर जो कोणी आला, तो पळाला. कोणी म्हणे, खाली हिरासिंगच्या खोकल्याचा आवाज येतो. कोणी म्हणे, कंदील आपोआप मालवतो. अशा गोष्टी सांगायला कोणाला पैसे पडतात?

भाऊ गेल्यापासून भावसिंग पक्क्या कामासाठी वणवण फिरला होता. नवं मराठी राज्य झालं, पण त्याच्या हाताला काम मिळालं नाही. बायको, सुखीबाई, मजुरीवर घर ओढत होती. त्या दिवसांत धीर दिला तो मारेगावच्या चर्चमधल्या मंडळीने. नवरा-बायको तिथे जाऊ लागले होते. दर रविवारी सगळे त्याचं नाव घेऊन प्रार्थना करत आणि जाताना कोणीतरी सुखीबाईच्या पदरात ज्वारी घाली.

त्यांच्या बंजारा तांड्यात दिवाळीला निखाऱ्यावर गूळ-तूप सोडून घरच्या गेलेल्या माणसांना हाक मारतात. यंदा भावसिंगच्या घरातून हाक गेली नाही. मेलेला माणूस प्रभूच्या हाती असतो, तो मागे फिरत नाही, असं पाळकांनी समजावलं होतं. भावसिंगने मान डोलावली होती. मग एके दिवशी तो आपणहून जिनात गेला आणि भावाची जागा मागून आला. मंडळीला त्याच्या हिमतीचं केवढं कौतुक वाटलं.

आज चर्चची घंटा वाजवणारे म्हातारे शांतवनकाका त्याला सोडायला आले होते. सोडायला कसले, फाटकाबाहेर लिंबाखाली ठाण मांडूनच बसले.

"मी इथंच आहो," ते म्हणाले होते. "भेव वाटलं तं वर ये."

भावसिंग उतरला. तेल घालत घालत तो भाऊ गेला त्या जागेपाशी आला. थांबला. कोणी खोकलं नाही. कंदील नीट जळत होता. बराच वेळ वाट पाहून त्याने स्वतःच वात खाली ओढून कंदील मालवला आणि काळोखात भिंतीला टेकून उभा राहिला. दांडा तेवढा फिरत राहिला.

पाळी संपल्याचा भोंगा झाल्यावर तो बाहेर आला. डोळे सुजले होते, चेहरा उतरला होता. शांतवनकाका लगबगीने उठले. त्यांनी त्याचा खांदा धरला.

"भेला का रे? सोडून दे हे काम. मंडळी तुले उपाशी नाही ठेवत. दुसरं पाहू."

भावसिंगने नकारार्थी मान हलवली.

"भेव नाही, काका. मी भावालेच भेटाले गेलतो." त्याने विझलेला कंदील खाली ठेवला. "तुम्ही सारे म्हनत होते तेच खरं निघालं. खाली कोणीच नाही."