घेतली रं बाबा

धाराशिवात राहणारा शंभू रोज सकाळी तेर गावात राहणाऱ्या आईला फोन लावायचा. "आई, साखरेची गोळी घेतली का?"

"व्हय रं बाबा, आत्ताच घेतली," द्वारकाबाई म्हणायची.

तरी साखर काही उतरेना, म्हणून डॉक्टरांनी सहा महिन्यांत दोनदा डोस वाढवला. शेवटी शंभूनं आईला आपल्याकडंच आणलं आणि गोळ्या स्वतःच्या हातानं द्यायला लागला. पहिल्या दिवशी ती तळहातावरच्या गोळ्यांकडं बघत बसली, काहीतरी बोलायला गेली, मग लेकाच्या तोंडाकडं बघून तिनं त्या गिळल्या.

तिसऱ्या दिवशी ती बेशुद्ध पडली.

"साखर पार तळाला गेलीय. एवढा डोस यांना झेपला नाही," डॉक्टर म्हणाले. शंभूनं त्यांचे पायच धरले. "असं कसं, साहेब? सहा महिने गोळ्या तर घेतीया. एक दिस चुकली न्हाय. मी रोज विचारायचो."

तेवढ्यात आईची लुगडी आणायला तेरला गेलेल्या बायकोचा, सोनालीचा, फोन आला.



"अवं, देव्हाऱ्यामागं डबा सापडलाय. सहा महिन्यांच्या सगळ्या गोळ्या ह्यातच हायत. एकबी पाकीट फोडलेलं न्हाय."