यादीत नसलेला पाडा

शिरपूरच्या वर सातपुड्यातल्या एका पाड्यावरून गुलीबाई पावरा पहिल्यांदाच ग्रामपंचायतीला उभी राहिली. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली पाड्यावरची एकेचाळीस माणसं तिला मत द्यायला मजुरी बुडवून, टेम्पो करून आली. केंद्रावर मात्र यादीत एकाचंही नाव सापडेना. “पाड्यावरचे पावरे इथे राहतच नाहीत, अशी याच पंचायतीतल्या खालच्या गावाने हरकत घेतली, बाबा. नावं वगळली,” मतदान अधिकारी म्हणाला. “मंग आम्ही कोठला शेतस, कोणत्या गावना?” टेम्पोतून आलेल्या गुलीबाईच्या म्हाताऱ्या सासऱ्याने विचारलं. अधिकाऱ्याने यादी त्याच्यापुढे सरकवली. ऊसतोडीला न गेल्यामुळे यादीत गुलीबाईचं तेवढं नाव राहिलं होतं. ती आत गेली, स्वतःला मत देऊन बाहेर आली. सासऱ्याने तिचं शाईचं बोट हातात धरून न्याहाळलं, मग इतरांना दाखवलं. एकेक जण ते बघून टेम्पोत चढला. टेम्पो निघाला, तेव्हा निरोपाला तो हात तिला उचलवेना.