गार हवेची वाट

इंजिन बंद होतं आणि तरी दोरा आत ओढला जात होता.

मेस्त्रीने खिसा चाचपला. चावी खिशातच होती. त्याने गॅरेजचं शटर खाली ओढलं, पंखा बंद केला आणि पुन्हा त्या बुटक्या स्पोर्ट्स कारपुढे उकिडवा बसला. बंपरमधून एक जाड नळी इंजिनापर्यंत जात होती. बॉनेटखालची तापलेली हवा घेतली की इंजिन ढेपाळतं. म्हणून बाहेरची गार हवा आणायला त्यानेच ती बसवली होती, पोराच्या हौसेखातर. नळी कुठे फुटली नाही ना, हे तो नेहमी असंच बघायचा. तोंडाशी दोरा टांगायचा आणि इंजिन चालू करायचं. दोरा आत ओढला गेला की काम फत्ते.

आज दोऱ्याला इंजिनाची गरज नव्हती. तो आत जात होता, सैल पडत होता, पुन्हा आत जात होता. सावकाश, गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

पोराला जाऊन आठ महिने झाले होते. शर्यतीच्या आदल्या रात्री मायलेकांची जुंपली. "एवढी प्यारी आहे ना, मग गाडीतच झोप जा!" आई म्हणाली आणि पोरगं खरंच अंगणातल्या गाडीत जाऊन झोपलं. थंडी मरणाची, म्हणून काचा लावून आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवून. सकाळी उठलंच नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. चिरफाड नको म्हणून आईबापांनीच हात जोडले. तेव्हापासून बायकोचा एकच धोशा होता : माझ्या बोलण्याने गेला. मेस्त्रीने तिला कधी 'नाही गं' म्हटलं नाही. खरं तर त्यालाही तसंच वाटायचं, आणि ते तो फारसं लपवायचाही नाही.

"गाडी विकू नका, भंगारात काढा. आणि ते बॉनेट उघडू नका," असंही ती सारखी म्हणायची. त्याने ऐकलं नाही. चार वाजता गिऱ्हाईक यायचं होतं.

त्याने बॉनेट वर केलं आणि नळी सोडवून बाजूला ठेवली. दोरा काडीला बांधून इंजिनावरून फिरवला. सगळीकडे तो नुसता लोंबत राहिला. इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याशी मात्र ताठ झाला आणि आडोशात शिरला. तिथे चार बोटं रुंद भोक होतं.

भोक मेस्त्रीनेच पाडलेलं होतं. नळी आधी तिकडून न्यायची ठरली होती, मग बेत बदलला. त्याने भोकावर चिकटपट्टी मारली आणि म्हणाला, उद्या पत्रा ठोकतो. तो उद्या राहूनच गेला. पट्टी जळून गेली होती. भोकाच्या कडांना काजळी होती. धूर वाहून नेणाऱ्या पाइपाचा सांधा खाली वीतभरावर होता आणि तोही उलून काळा पडला होता. पत्र्याच्या पलीकडे पोरगं झोपलं होतं.

त्याने गाडीचं दार उघडलं, फरशीवर बसून आत वाकला आणि पायाखालचा गालिचा उचलायला गेला. गालिचा उचलला जाईना. भोकावर आतून दुहेरी रेक्झिन लावून तो कडेने शिवून टाकला होता. बारीक, घट्ट टाके. गॅरेजातल्या सगळ्या सीटकव्हरांवर असायचे तेच, बायकोच्या हातचे.

शटर वर गेलं. बायको आत आली आणि उघड्या बॉनेटपाशीच थबकली.

"हे कधी शिवलंस?" त्याने विचारलं.

"गाडीतले त्याचे बूट काढायला गेले होते, तेव्हा काजळी धरलेलं भोक दिसलं. दुसऱ्याच दिवशी शिवलं."

"आणि आठ महिने सगळं स्वतःच्या माथी घेत राहिलीस? मी वाटेल ते बोललो तुला!"

ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली.

"आपल्या दोघांत एकालाच झोप लागणार होती," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला लागू दे."